पशुपतिनाथाला निघालात? मग हे ऐकून निघा



हरभरा-गहू घरात आला की एसटी स्टँडवर आणि गावच्या पारावर यात्रेचे फलक लागायला लागतात. काशी, प्रयाग, गया, अयोध्या आणि शेवटी ठळक अक्षरांत नेपाळ. चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण, राहणं सगळं धरून अमुक इतके रुपये. आपल्या कितीतरी बचत गटांतल्या बायका त्यासाठी दोन-दोन वर्षं पैसे बाजूला टाकतात. कुणी शेळी विकते, कुणी भिशीचा नंबर आधी मागून घेते. गेल्या काही आठवड्यांत आपल्या केंद्रावर जे फोन आले, त्यांत एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला, "ताई, नेपाळला पासपोर्ट लागतो का हो?" म्हणून आजचा वेळ नेपाळसाठी. मी गटांबरोबर चार वेळा जाऊन आले आहे, एकदा पार वर मुक्तिनाथापर्यंत.

आधी प्रश्नाचं उत्तर देते. आपल्याला नेपाळला व्हिसा लागत नाही. भारत आणि नेपाळ यांच्यात १९५० साली करार झाला, तेव्हापासून दोन्हीकडची माणसं मोकळी येतात-जातात. पासपोर्ट असला तर उत्तमच. नसला तर मतदार ओळखपत्र चालतं. मूळ कार्ड पाहिजे, झेरॉक्स नाही. आधार कार्डाचं मात्र नीट ऐका. १५ वर्षांच्या आतली मुलं आणि ६५ वर्षांच्या वरची माणसं यांना आधार चालतं. मधल्या वयाच्या बाईला, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकींना, नुसतं आधार पुरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या नणंदबाई गेल्या वर्षी आधारवरच जाऊन आल्या. आल्याही असतील. सोनौलीच्या नाक्यावर माणसांची इतकी ये-जा असते की पायी जाणाऱ्याला कित्येकदा कुणी हटकतही नाही. अडचण जाताना येत नाही, अडचण येते ती मध्येच काही झालं तर. आमच्या गटात पन्नाशीच्या एक काकू होत्या. काठमांडूत तिसऱ्या दिवशी घरून फोन आला, मालकांना अटॅक आलाय, लगेच निघा. आम्ही सगळ्यांनी वर्गणी काढून विमानाचं तिकीट काढलं. विमानतळावर काकूंजवळ आधार सोडून दुसरं काही नव्हतं. विमानात बसू दिलं नाही. मतदार कार्ड घरी, फडताळात, लोखंडी पेटीत. मग काठमांडूहून रात्रीची बस, सोनौली, गोरखपूर आणि तिथून मनमाडची गाडी. नवऱ्याचं तोंड बघायला मिळालं, पण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी. ते वाचले म्हणून ही गोष्ट मी रेडिओवर सांगू शकते.

बायकांची आणखी एक अडचण असते, ती पुरुषांच्या ध्यानातही येत नाही. मतदार कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, बँकेच्या पुस्तकात तिसरंच. यात्रेच्या यादीत यात्रावाले लिहितात ते नाव चौथं. निघायच्या आधी दोन-तीन महिने हे सगळे कागद एकदा चटईवर मांडून बघा. मतदार कार्डावरची दुरुस्ती ८ नंबरच्या फॉर्मने होते. गावच्या बीएलओकडे किंवा तहसीलमध्ये विचारा. आणि यात्रेच्या यादीत, तिकिटावर तेच नाव लिहायला लावा जे त्या कार्डावर आहे.

खरं सांगायचं तर नेपाळ परका वाटतच नाही, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. दुबईला जायचं म्हटलं की माणूस दहा जणांना विचारतो. नेपाळला आपण पंढरपूरला निघाल्यासारखे निघतो. पलीकडे गेल्यावर दुकानांच्या पाट्या वाचता येतात, कारण लिपी आपलीच, देवनागरी. देव आपलेच, कुंकू-हळद आपलीच. भाद्रपदातली आपली हरतालिका तिथे तीज म्हणून करतात. त्या दिवशी लाल साड्या नेसलेल्या हजारो बायका पशुपतिनाथाला येतात आणि तीजेसाठी लेकी माहेरी येतात. माहेराला तिथे माइत म्हणतात. ऐकताना कसं जवळचं वाटतं बघा. आणि जनकपूर म्हणजे तर सीतामाईचंच माहेर. बिहारमधल्या जयनगरहून २०२२ पासून तिथे रेल्वेही जाते. इतकं सगळं ओळखीचं असल्यावर आपण दुसऱ्या देशात आहोत हे डोक्यातून निघूनच जातं.

पण देश दुसरा आहे. घड्याळसुद्धा वेगळं, आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे. पंचांग विक्रम संवताचं, त्यामुळे पावतीवरचं साल आपल्या इंग्रजी सालाच्या साधारण ५७ वर्षं पुढचं दिसतं. घाबरू नका, ते तसंच असतं. शनिवारी बँका, कचेऱ्या बंद. आणि पैसा वेगळा.

पैशाचं जरा सावकाश सांगते, कारण आपल्या बायका हिशेबाला पक्क्या असूनही तिथे फसतात. भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये. हा दर ठरलेला आहे, १९९३ पासून बदललेला नाही. नेपाळी किंमत आपल्या रुपयांत करायची असेल तर आकडा आठाने भागा आणि पाचाने गुणा. ८०० नेपाळी म्हणजे आपले ५००. दुकानदार किंमत सांगतो तेव्हा तो कुठल्या रुपयांत सांगतोय हे विचारायचं. त्यासाठी तिथे दोन शब्द सगळ्यांच्या तोंडी आहेत. आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी रुपये. "आयसी की एनसी?" एवढे तीन शब्द पाठ करा. रुद्राक्षाची माळ ४०० ला ठरवली आणि नंतर दुकानदार म्हणाला आयसी, तर तुमचे २५० चे ४०० झाले. भांडण काढून उपयोग नाही, आधी विचारलं पाहिजे.

नोटांचं वेगळंच आहे. २०१८ च्या डिसेंबरात नेपाळ सरकारने १०० च्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. हे नियम मध्येमध्ये बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात आपल्या बँकेत विचारून घ्या. सगळ्यात सोपं म्हणजे खर्चापुरत्या १०० च्या, ५० च्या नोटा न्या, त्यांना कुणी नाही म्हणत नाही. गटातल्या दहा जणींनी एकाच दिवशी बँकेत जाऊन सुट्टे मागितले तर कॅशियर कपाळाला हात लावतो, तेव्हा आधीपासून थोड्या थोड्या साठवा. मोबाईलवरून क्यूआर कोडने पैसे देणंही नेपाळात काही दुकानांत २०२४ पासून सुरू झालंय, पण त्यासाठी आपल्या अॅपमध्ये परदेशी व्यवहार आधी चालू करून घ्यावा लागतो आणि डोंगरात नेटचा भरवसा नाही. पदरात रोख हवीच. परत येताना उरलेले नेपाळी पैसे सीमेवरच बदलून घ्या. आपल्या गावच्या बँकेत ते कुणी घेणार नाही. नातवंडांना दाखवायला एक नोट ठेवा हवं तर. तिच्यावर आकडे देवनागरीत आहेत, फक्त ५, ८ आणि ९ यांचं वळण जरा वेगळं दिसेल.

आता मी सगळ्यात जास्त वेळ ज्यावर घेणार आहे ते बोलते. उंची.

आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, १,६४६ मीटर. तुमच्यातल्या कितीजणी नवरात्रात चढून आल्या असतील. काठमांडू त्याच्यापेक्षा खाली आहे, पोखरा तर आणखी खाली. तिथपर्यंत काही प्रश्न नाही. मुक्तिनाथ मात्र ३,७०० मीटरच्या वर आहे. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी वर थोडं उरतं. तिथल्या हवेत समुद्रकाठच्या मानाने तीन भागांतला दोन भागच प्राणवायू अंगाला मिळतो. सवय नसलेल्या माणसाचं डोकं दुखतं, मळमळतं, झोप येत नाही, चार पायऱ्या चढल्या की धाप लागते. थोडं असेल तर विश्रांतीने उतरतं. पण तोल जायला लागला, बोलणं बरळल्यासारखं व्हायला लागलं, बसल्याजागी दम लागायला लागला, खोकल्यातून फेस आला, तर तो जिवावरचा प्रसंग असतो. त्यावर पहिला उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणं. रात्र असो, दर्शन राहिलेलं असो, उतरायचं.

नेपाळी माणसं या आजाराला म्हणतात, "लेक लाग्यो." लेक म्हणजे त्यांच्याकडे उंच डोंगराळ मुलूख. तो लागला, बाधला. आपल्याकडे लेक म्हणजे पोरगी, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आमच्या सगळ्याजणी हसल्या. पण शब्द लक्षात राहिला आणि उपयोगी पडला.

कारण आमच्याबरोबरच्या एका मावशींना खरंच लेक लागली. यात्रावाल्याने पोखऱ्याहून पहाटे जीपने निघून एका दिवसात थेट वर नेलं आणि वरच मुक्काम ठेवला. मावशींचं डोकं दुपारपासून ठणकत होतं. त्या कुणाला बोलल्या नाहीत. का, तर "माझ्यामुळं बाकीच्यांचं दर्शन राहायला नको." रात्री उलट्या सुरू झाल्या, आणि नाव विचारलं तर भलतंच काहीतरी सांगायला लागल्या. लॉजवाल्या दिदीने एक नजर टाकली आणि म्हणाली, लेक लाग्यो, आत्ता खाली न्या. तिनेच जीप मिळवून दिली. जोमसोमला उतरेपर्यंत मावशी शुद्धीवर बोलत होत्या. हजार मीटर उतरलो तेवढ्याने.

आपण बायका दुखणं अंगावर काढतो. शेतात काढतो, बाळंतपणात काढतो, तीच सवय घेऊन यात्रेला जातो. डोंगरावर ही सवय चालत नाही. गटप्रमुखाने वर गेल्यावर प्रत्येकीला सकाळ-संध्याकाळ नाव घेऊन विचारायचं, डोकं दुखतंय का, जेवलीस का. आणि ज्या म्हणतात "मला काही होत नाही", त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवायचं.

यात्रावाल्याला पैसे देण्याआधी विचारा, मुक्तिनाथच्या अलीकडे रात्रीचा मुक्काम कुठे आहे? जोमसोमला किंवा त्याच्या खालच्या गावात एक रात्र तरी थांबून सकाळी वर जाऊन दर्शन घेऊन परत खाली झोपायला येणं, हा शहाणा बेत. पोखऱ्याहून जोमसोमला छोटी विमानंही जातात, वीस-पंचवीस मिनिटांत पोचवतात. ती सकाळीच उडतात, कारण दुपारी काली गंडकीच्या दरीत वारा फार सुटतो. विमान रद्द झालं तर एक दिवस जादा लागेल, त्याची सोय धरली आहे का, तेही विचारा.

कुणी वर जाऊच नये? माझं मत सांगते. सिकलसेलचा आजार ज्यांना आहे त्यांनी मुक्तिनाथाचा हट्ट सोडावा. कमी प्राणवायूत त्यांचं दुखणं उसळतं आणि तिथे मोठा दवाखाना हाताशी नाही. नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या मैत्रिणींनो, ज्यांनी अजून तपासणी केली नसेल त्यांनी जाण्याआधी करून घ्या, आणि ज्या नुसत्या वाहक आहेत त्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वर जाऊ नका. हृदयाचा त्रास, दमा, न आटोपणारं बीपी, दिवस गेलेले असतील तर तेच. आणि रक्त कमी असेल तर? आपल्यातल्या कितीजणींचं हिमोग्लोबिन आठ-नऊच असतं. आधीच रक्तात प्राणवायू वाहून नेणारं बळ कमी, त्यात हवेत प्राणवायू कमी. निघायच्या तीन महिने आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासा, लोहाच्या गोळ्या सुरू करा. यात्रेच्या आधी होईल, आणि यात्रा राहिली तरी वाया जाणार नाही.

मुक्तिनाथाला १०८ गोमुखांतून पाणी पडतं, त्याखालून जायचं आणि पुढे दोन कुंडांत बुडी मारायची अशी रीत आहे. पाणी बर्फाचं असतं, अंगात कळ जाते. तरण्याताठ्या बायका जातात, जाऊ देत. बीपी असलेल्यांनी, साठीच्या पुढच्यांनी ते पाणी हातात घेऊन डोक्याला लावावं. तीर्थ तेच आहे. तिथे हिंदू आणि बौद्ध दोघंही पूजा करतात आणि देवळाची व्यवस्था बौद्ध भिक्षुणी पाहतात. कुणी बाई गाभाऱ्यात तीर्थ देताना दिसली तर आश्चर्य करू नका. मला तरी ते बघून फार बरं वाटलं.

उंचीच्या जोडीने आणखी एक बायकांचं. यात्रेत पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेतात. मेडिकलवाल्याकडून परस्पर घेतात, दहा-दहा दिवस घेतात. डॉक्टरांना न विचारता त्या घेऊ नका. बीपी असेल, पायाच्या शिरा सुजत असतील, वजन जास्त असेल, तर बसमध्ये तासन्‌तास बसणं आणि वर या गोळ्या यांनी पायात रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. देवाला पाळी चालते की नाही हा ज्याचा त्याचा विचार. देहाला काय चालतं ते डॉक्टर सांगतील. बसमध्ये दर दोन तासांनी उतरून चार पावलं टाका आणि लघवीला उतरावं लागेल म्हणून पाणी पिणं सोडू नका. हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी निम्म्या जणी पाणी पीत नाहीत.

आता रस्ता. २३ ऑगस्ट २०२४ ला जळगाव जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस पोखऱ्याहून काठमांडूकडे जाताना तनहुँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली. पंचवीसहून जास्त माणसं गेली. आपल्या ऐकणाऱ्यांत त्या भागातल्या बायका आहेत, कुणाची जाऊ गेली, कुणाची विहीण. त्याच पावसाळ्यात, जुलैमध्ये, चितवनजवळ दरड कोसळून दोन नेपाळी बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या होत्या. त्या अपघातांची कारणं सांगायचा मला अधिकार नाही. पण त्या रस्त्यावरून मी गेले आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नदी, आणि सगळी वाहतूक त्यावरूनच. जून ते सप्टेंबर पाऊस असतो, दरडी येतात. श्रावणात पशुपतिनाथाचं दर्शन घ्यावं असं प्रत्येकीला वाटतं, मलाही वाटतं. तरी मी श्रावणात जात नाही आणि कुणाला जा म्हणत नाही. दिवाळीच्या मागे-पुढे जा, नाहीतर शिमगा झाल्यावर जा. आकाश निवळलेलं असतं, डोंगरही दिसतात. फक्त दसऱ्याच्या दिवसांत, ज्याला ते दशैं म्हणतात, सगळं नेपाळ आपापल्या गावी निघालेलं असतं. तेव्हा बसला गर्दी आणि दुकानं बंद.

यात्रावाल्याला हे विचारायला लाजू नका. डोंगराच्या रस्त्यावर रात्री गाडी चालवणार का? ड्रायव्हर किती? त्या घाटांची सवय असलेला ड्रायव्हर देणार का? विमा आहे का, आणि तो नेपाळात चालतो का? कारण आपलं आयुष्मान कार्ड, महात्मा फुले योजना यांतलं काही तिथल्या दवाखान्यात चालत नाही. उत्तरं कागदावर घ्या, पावतीबरोबर. "बाई, विश्वास नाही का?" असं तो म्हणेल. म्हणावं, विश्वास आहे म्हणून तर पैसे देतोय, आता कागद द्या.

जेवणाचं फार सांगत नाही. डाळ-भात-तरकारी सगळीकडे मिळते, भाकरी मिळत नाही. बऱ्याच यात्रांबरोबर आपला आचारी असतोच. फक्त मोमो खाताना विचारा. गाय तिथे राष्ट्रीय प्राणी आहे, गोहत्येला बंदी आहे, पण म्हशीचं मांस राजरोस खातात, त्याला बफ म्हणतात. शाकाहारी हा शब्द सगळ्यांना कळतो. आणि शब्दांची गंमत सांगते. जेवण वाढणाऱ्या दिदीने "मिठो छ?" असं विचारलं तर ती मीठ झालं का विचारत नाही, चव छान आहे का विचारते. मिठाला तिथे नुन म्हणतात. दुकान म्हणजे पसल, पोलीस म्हणजे प्रहरी, किती म्हणजे कति, गरम पाणी म्हणजे तातो पानी, डोकं दुखतंय म्हणजे टाउको दुख्यो. हा शेवटचा लिहूनच घ्या.

हिंदी बहुतेकांना समजते. पण आपली मराठी माणसांची हिंदी कशी असते ते तुम्हाला माहीत आहे, सगळ्यांना तुम नाहीतर तू. नेपाळी भाषेत मान देऊन बोलण्याची रीत फार जपतात आणि परक्या माणसाने तू म्हटलेलं त्यांना लागतं. मोलकरीण असो, हमाल असो, आप म्हणायचं. वयाने मोठ्या बाईला दिदी, लहान असली तर बहिनी, मोठ्या पुरुषाला दाइ. कुणालाही "ए बहादूर" म्हणू नका. आपल्याकडे कित्येक ठिकाणी गुरख्याला तशी हाक मारतात. तिथे तो मास्तर असतो, दुकानदार असतो, कुणाचा तरी बाप असतो. आणि "नेपाळ म्हणजे आपलंच की" हे प्रेमानेसुद्धा म्हणू नका. त्यांना ते प्रेम वाटत नाही. २०१५ साली भूकंप झाला, त्यानंतर काही महिन्यांतच भारताच्या सीमेवरून येणारा माल अडला, गॅस-पेट्रोलला लोक तरसले. ती आठवण अजून ताजी आहे.

लुंबिनीला गेल्यावर हे विशेष सांभाळा. सोनौलीच्या पलीकडे भैरहवा, तिथून तासाभराच्या आत लुंबिनी. बुद्धांचं जन्मस्थान. मायादेवी मंदिर आहे, शेजारी सम्राट अशोकाचा स्तंभ. आपल्याकडच्या कितीतरी मैत्रिणी बुद्धगयेहून पुढे तिथे जातात. बाबासाहेबही नागपूरच्या दीक्षेनंतर महिन्याभरात, नोव्हेंबर १९५६ मध्ये, काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. बुद्ध आपल्या भूमीत जन्मले याचा नेपाळी माणसाला मोठा अभिमान आहे. तिथे उभं राहून "बुद्ध आमचे भारताचे" असा वाद कुणी घातला तर वातावरण बिघडतं. स्तूपाला प्रदक्षिणा घालताना देवळासारखीच, उजव्या हाताला स्तूप ठेवून.

पशुपतिनाथाच्या देवळात चामड्याची पर्स, पट्टा नेता येत नाही, आत फोटो काढता येत नाहीत. तिथले पुजारी परंपरेने कर्नाटकातून आलेले भट्ट असतात, हे ऐकून कोल्हापूर-सोलापूरच्या बायकांना शेजारी भेटल्यासारखं वाटतं. देवळाला लागून बागमतीच्या काठी आर्यघाट आहे, तिथे चिता जळत असतात. मोबाईल खाली ठेवा. कुणाच्या तरी घरचं दुःख आहे ते.

शेवटचं काम, कागद-पेन्सिल घ्या. नेपाळात पोलिसांचा नंबर १००, रुग्णवाहिकेचा १०२, पर्यटकांसाठीच्या पोलिसांचा ११४४. भारताचा दूतावास काठमांडूत लैनचौर भागात आहे. त्याचा मदतीचा नंबर निघण्याआधी मुलाला किंवा सरपंचांना इंटरनेटवरून काढून द्यायला सांगा. २०२५ च्या सप्टेंबरात काठमांडूत तरुणांचं मोठं आंदोलन पेटलं, सरकार पडलं, विमानतळ बंद झाला. अशा वेळी तोच नंबर लागतो. आपलं मोबाईलचं कार्ड रोमिंगचं रिचार्ज मारल्याशिवाय तिकडे चालणार नाही. तिथल्या कुणाच्या फोनवरून घरी लावायचं झालं तर नंबराच्या आधी ००९१ लावा. हे सगळं, घरचे दोन नंबर, आपला रक्तगट, चालू असलेल्या गोळ्यांची नावं आणि मुक्कामाच्या हॉटेलचं नाव एका कागदावर लिहा. अशा दोन प्रती करा. एक बॅगेत ठेवा, आणि एक प्लास्टिकच्या पिशवीत घालून परकराच्या खिशात, जिथे आपण पैसे ठेवतो तिथे. मोबाईल हरवतो, बॅग बसमध्ये राहते, परकराचा खिसा राहत नाही.

कुणाचा गट यंदा निघणार असेल तर बुधवारी दुपारी केंद्रावर फोन करा. यात्रावाल्याने दिलेला कागद वाचून दाखवलात तर आपण तो मिळून तपासू.